एकशे चव्वेचाळीस ठिपके

लोधीपुऱ्यातल्या तृप्तीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. कॉलेजात ती अतिथी विद्वान. नाव भारी, नोकरी मात्र दरवर्षी नव्याने मागायची! फिजिक्सचे तास आटोपून घरी आली की खिडकीला घोंगडी, दाराला पडदा, आणि टेबलावर तिचा संसार: एक लाल लेझर, बारीक भिंगांची काच आणि जुना कॅमेरा.

त्या काचेतून उजेड गेला की कॅमेऱ्यावर एकशे चव्वेचाळीस ठिपके पडतात. मोठ्या दुर्बिणीत हवेच्या हलण्याने हेच ठिपके जागचे सरकतात. किती सरकले ते कळलं, की दुर्बिणीतला लवचीक आरसा तेवढाच वाकवून ताऱ्याचं चित्र नीट करता येतं. पण त्यासाठी प्रत्येक ठिपक्याचा मध्य अचूक सापडायला हवा. पहाडावरच्या एका वेधशाळेने कळवलं होतं, तुमच्या प्रोग्रॅमची चूक एका पिक्सेलच्या विसाव्या भागाच्या आत आणा आणि आमच्या गटात या. मुदत शनिवारची. तृप्तीची चूक येत होती बरोब्बर दुप्पट. स्क्रू फिरवून ती ठिपके मोजून सरकवायची, आणि प्रोग्रॅम आपला दरवेळी कमीच सरकले म्हणायचा.

"हे सगळं त्या मागांमुळे!" तिने आईला, गोदाबाईंना, ठणकावून सांगितलं. भिंतीपलीकडे भिकनकाकांचे चोवीस पावरलूम दोन्ही पाळ्यांत धडधडत असत. टेबल हलणारच की!

गुरुवारी भरदुपारी ती काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"अगं पोरी, चालता माग मधेच थांबवला तर कापडावर पट्टी उमटते, पता है ना?" काका म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून स्वतःच उठले. "जा, अर्धा तास देतो. टेन्शन मत ले."

चोवीस माग थांबले. गल्ली इतकी गप्प झाली की लोक ओट्यावर येऊन विचारू लागले, कोण गेलं? आत तृप्तीने मोजलं. पुन्हा मोजलं. चूक जशीच्या तशी!

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड लपवील ती तृप्ती कसली! तडक काकांकडे गेली. "काका, तुमच्या मागांचा काही दोष नाही. मी उगाच बोट दाखवलं. तुमचं कापड माझ्यापायी खराब झालं."

"मग चूक कोणाची?"

"माझी. ती सापडेपर्यंत मी जेवायची नाही."

"जेव गं बाई. उपाशी डोक्याला काय दिसणार?"

ती जेवली नाहीच. आजवर ती कॅमेऱ्यावर झाकण लावून अंधार मोजायची आणि तेवढाच चित्रातून वजा करायची. आता तिने लेझर बंद केला आणि झाकण काढूनच फोटो घेतला. चित्र काळं यायला हवं होतं, ते राखाडी आलं. "सगळे दिवे तर बंद केलेत!" असं पुटपुटत ती वळली, आणि समोर कोनाड्यात देवापुढचा लाल झिरो बल्ब.

वडिलांनी, सुकलाल यांनी, वारण्याआधी लावलेला. नऊ वर्षं अखंड चालू. घरात त्याला कोणी दिवा म्हणतच नव्हतं! दिवे बंद करा म्हटलं की ट्यूब जायची, टीव्ही जायचा, तो राहायचा. त्याचा फिका उजेड प्रत्येक ठिपक्याभोवती पसरून हिशेबात येई आणि मध्याला मूळ जागेकडे मागे ओढी, म्हणून सरकणं कमीच भरे.

गोदाबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बटणाकडे हात नेला. "तुझं अडत असेल तर..."

"आई, हात लावू नकोस," तृप्ती म्हणाली. "तो राहू दे. मी त्याचा उजेड मोजून वजा करते."

नुसत्या बल्बच्या उजेडाचे शंभर फोटो काढून तिने त्यांची सरासरी घेतली आणि ती प्रत्येक चित्रातून वजा केली. मग मध्य काढले. चूक पिक्सेलच्या तिसाव्या भागावर आली. तिने सगळं पुन्हा केलं, तेवढीच आली.

शनिवारी अहवाल गेला. सोमवारी वेधशाळेतून गटाच्या प्रमुख सरांचा फोन आला. "बल्ब सरळ बंद का नाही केला?"

"सर, आकाश तरी कुठे पूर्ण काळं असतं? तेही तुम्हाला वजाच करावं लागणार ना?"

पलीकडे सर हसले. "एक तारखेला रुजू व्हा."

ती धावतच भिकनकाकांकडे गेली आणि धडधडाटात ओरडून सांगू लागली. काकांना एक अक्षर ऐकू येईना. त्यांनी हात वर करून सगळे माग थांबवायला लावले.

"काका, पट्टी उमटेल!"

"उमटू दे," काका म्हणाले. "आता नीट सांग."