परत आलेला बाप

वडील परत आले तेव्हा मी भाकरी थापत होते. एप्रिलची दुपार होती. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या खोलीचं दार वाऱ्यासाठी उघडंच असायचं. त्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. गालफडं बसलेली, खांद्याला कापडी पिशवी, पायांतल्या दोन्ही चपला वेगवेगळ्या. मला वाटलं, दवाखान्यात आलेला कुणी पेशंट असेल. आई जवळच्याच मिशनच्या दवाखान्यात आया होती आणि खेड्यापाड्यांतले लोक तिला विचारत विचारत घरापर्यंत यायचे.

"कोण पाहिजे?" मी विचारलं.

तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तू धाकटी ना?"

तरीही माझ्या लक्षात आलं नाही. त्यानंच सांगितलं तेव्हा कळलं. मी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिले आणि तो चौकटीला टेकून खाली बसला, कारण त्याच्यानं जास्त उभं राहवत नव्हतं.

वडील घर सोडून गेले तेव्हा मी नुकती बोलायला लागले होते. ते निजामाच्या फौजेच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, तिच्याबरोबर बँडही मोडला. काही दिवस त्यांनी शहागंजातल्या एका बँडवाल्याबरोबर लग्नाच्या वराती वाजवल्या. त्यांना त्याची लाज वाटायची, असं आई सांगे. मग एक दिवस हैदराबादला काम बघून येतो म्हणून निघाले. आधी खुशाली कळायची, पुढं तीही बंद झाली.

घरात आम्ही तिघी उरलो. आई, ताई आणि मी. ताई माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी. आईच्या ड्युटीचा काही नेम नसायचा, त्यामुळं मला वाढवलं ते ताईनं. माझी वेणी, माझा अभ्यास, माझा गोवर, सगळं तिच्याकडं. तिला नर्सिंगला जायचं होतं, पण त्यासाठी घर सोडून राहावं लागलं असतं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि घरातच राहिली. याबद्दल तिनं कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

तिचं लग्न ठरलं होतं. जालन्याचा मुलगा, कंपाउंडर, आमच्यासारखाच ख्रिस्ती मंडळीतला. बोलणी झाली, चर्चमध्ये लग्नासाठी दोघांची नावं वाचायची तेवढी राहिली होती. मुलीचे वडील कुठं असतात, असं मुलाकडच्यांनी विचारल्यावर आईनं हैदराबादला नोकरीला असतात म्हणून सांगितलं होतं. मुलाच्या मामाचं हैदराबादला येणंजाणं होतं. त्यांनी चौकशी केली आणि वडील सापडले. दुसरा संसार मांडून बसलेले. मामानं जालन्याला येऊन सगळं सांगितलं आणि लग्न मोडलं. आम्हाला वडील जिवंत असल्याचं कळलं ते असं. ताई त्या दिवशीही शाळेत गेली. पुढं कुणी तिच्यासाठी स्थळाचा विषय काढला की ती उठून आत जायची.

अशा घरात तो माणूस परत आला होता.

आई ड्युटीवरून आली. दारात तिनं त्यांना पाहिलं आणि ओळखलं. ती रडली नाही, ओरडली नाही. हातातली पिशवी तिनं खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "हातपाय धुऊन घ्या. पाणी मागं रांजणात हाय." मग चुलीपुढं बसली. मला म्हणाली, "अजून दोन भाकरी टाक."

ताई शाळेतून आली तेव्हा ते जेवत होते. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"यांना आत कुणी घेतलं?"

"मी," आई म्हणाली.

"मला विचारलं नाहीस."

"घर माझं हाय."

ताई हळू आवाजात म्हणाली, "घर तुझं. मग इतकी वर्षं मी कुणाचं सांभाळलं?"

आई चुलीकडं तोंड करून बसली होती. ती वळली नाही. वडिलांनी घास खाली ठेवला होता आणि ताटाकडं बघत होते. ताई तशीच मागं फिरली आणि शेजारच्या नर्सबाईंच्या खोलीत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती झोपायला आणि जेवायला तिकडंच असायची. आमच्याकडं फक्त कपडे घ्यायला यायची, तेही वडील दवाखान्यात गेलेले असताना. त्यांच्या दोन्ही फुप्फुसांना आजार धरला होता. आईच त्यांना हाताला धरून घेऊन जायची.

मंडळीत बातमी पसरली. लोक चांगलेच वागले. कुणी अंडी आणून दिली, कुणी जुना कोट दिला. चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले. आणि पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशासाठी बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला घेतला.

तो दाखला आम्हाला लहानपणापासून पाठ होता. धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन परदेशी जातो, सगळं उडवतो, उपाशी मरायची पाळी येते तेव्हा घरी परततो. बाप त्याला लांबूनच बघून धावत जातो, गळ्यात पडतो, मेजवानी घालतो. थोरला मुलगा शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि रागानं घरात जात नाही. पाळकसाहेब त्या दिवशी धाकट्यावर थोडंच बोलले. थोरल्यावर फार बोलले. जो घरी राहिला, राबला, पण ज्याचं मन कठीण झालं, तोही हरवलेलाच आहे, असं म्हणाले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. पण बायकांच्या बाजूच्या बाकांवर माना वळल्या. ताई माझ्या शेजारी सरळ बसून होती. पुरुषांच्या बाजूला अगदी मागं वडील कुणीतरी दिलेल्या जुन्या कोटात बसून खोकत होते.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब नेहमीप्रमाणं दारात उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत होते. ताईचा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरून ठेवला.

"बाई, क्षमा केल्यानं आपलंच ओझं उतरतं," ते म्हणाले.

ताईनं हात सोडवून घेतला. "पाळकसाहेब, त्या दाखल्यात पोरगा घर सोडून जातो. बाप घरीच असतो, म्हणून पोराला परत यायला घर राहतं. आमच्यात बाप गेला. मग घर कुणी राखायचं, ते दाखल्यात नाही."

"देवाच्या दृष्टीनं—"

"आणि थोरल्याची समजूत काढायला बाप स्वतः बाहेर गेला होता. तुम्ही ते शेवटी घाईत वाचलंत. माझ्याकडं तुम्ही आलात."

मागं रांग थांबली होती. पाळकसाहेब तसे भले गृहस्थ होते, त्यांना राग आला नाही. त्यांनी फक्त मान हलवली आणि पुढच्या माणसाचा हात हातात घेतला.

शाळा उघडायच्या सुमारास ताईनं पैठणला बदली मागून घेतली. आईनं तिला जाऊ नको म्हटलं नाही. ताईनं ट्रंक बाहेर काढली तेव्हा आई मसाला कुटत होती. तिनं एका डब्यात थोडा मसाला भरून ट्रंकेवर ठेवला. ताईनं तो घेतला. दोघी एकमेकींशी एवढंच बोलल्या: "मसाल्याला ऊन लागू देऊ नको." "बरं."

ती गेल्यावर घर फार शांत झालं. वडील अंगणात बाजेवर पडून असायचे. मला त्यांच्याशी काय बोलावं कळत नसे. 'बाबा' हा शब्द माझ्या तोंडात बसलाच नव्हता. "दूध घ्या", "औषध घ्या" असं बिननावाचं बोलून मी वेळ मारून न्यायची. त्यांनाही ते कळत असावं. आई त्यांचं सगळं करायची. कपडे उकळत्या पाण्यातून काढायची, थुंकीची वाटी वेगळी ठेवायची. पण त्यांच्याजवळ बसून दोन शब्द बोलताना मी तिला पाहिलं नाही. लोक तिला म्हणायचे, तुमचं काळीज मोठं. ती ऐकायची आणि कामाला लागायची.

हिवाळ्यात वडील एक दिवस मला म्हणाले, "मला पैठणला ने."

"डॉक्टरांनी हिंडायचं नाही म्हणून सांगितलंय."

"म्हणूनच म्हणतो. नंतर व्हायचं नाय."

आईनं ते ऐकलं. तिनं जायचं की नाही काहीच सांगितलं नाही, फक्त गरम शाल काढून दिली. रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. धरणाचं काम चालू होतं, रस्त्यावर मुरमाचे ट्रक पुढं-मागं करत होते आणि धुळीनं वडिलांचा खोकला थांबेना. एक म्हातारा मुसलमान गृहस्थ उठून त्यांना खिडकी देऊन स्वतः उभा राहिला. "बीमार दिसते, बेटी. कहां ले जारे?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "बेटी के घर." वडिलांनी ते ऐकलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

ताईची खोली एका पैठणी विणणाऱ्याच्या घरामागं होती. पुढच्या हातमागाचा आवाज तिथं सतत यायचा. तिनं दार उघडलं. आम्हाला पाहून ती बाजूला झाली, आत या म्हणाली नाही. पण वडिलांना बसायला तिनं स्वतःची गादी टाकली आणि पाठीशी उशी दिली. चहा केला. मग विळी घेऊन वांगी चिरायला बसली.

वडिलांनी काहीतरी मनात जुळवून आणलं होतं. "पोरी, मी लई चुकलो," असं म्हणून ते सुरू झाले आणि पुढचं विसरले. हैदराबादचं तुटक तुटक सांगत राहिले. ती बाई, तिचं आधीचं पोर, हॉटेलातली भांडी घासायची नोकरी, मग आजार, मग तिनं दार बंद केलं ते. ताई ऐकत होती. वांगी चिरून झाली तेव्हा तिनं एकच विचारलं.

"आमची आठवण यायची?"

त्यांनी शाल खांद्यावर ओढून घेतली. मला वाटलं, आता हो म्हणतील. मनात मी तीच प्रार्थना करत होते.

"पहिल्यांदा यायची," ते म्हणाले. "मग नाय यायची. आजारी पडलो तवा परत आली."

ताईनं मान हलवली. "खरं बोललात, बरं केलं. इथवर आलात, तेही मी ध्यानात ठेवीन. पण तुम्हाला जे पाहिजे ते माझ्यापाशी नाही. मी शोधून पाहिलंय. आता जेवून घ्या, गाडीला वेळ आहे."

तिनं आम्हाला वाढलं. भाकऱ्या गरम गरम तव्यावरून काढून दिल्या. स्वतः बसली नाही. निघताना तिनं वडिलांना स्टँडपर्यंत हाताला धरून आणलं, कारण त्यांना चालवत नव्हतं, आणि कंडक्टरला सांगून पुढची सीट मिळवून दिली. पण गाडी सुटायच्या आधीच ती वळून चालू लागली.

वाटेतलं बिडकीन गाव मागं पडल्यावर वडील म्हणाले, "आमच्यासंगं जेवली नाय." एवढंच.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले. ताई दफनविधीला आली. सगळ्यांबरोबर तिनंही मूठभर माती टाकली, हात झटकले आणि तिथूनच स्टँडवर गेली. घरी आली नाही. वडिलांच्या जाण्यानं आई जेवढी हलली नव्हती, तेवढी ती यानं हलली. भेटायला आलेल्या बायका बसलेल्या असताना ती सारखी दाराकडं बघायची.

पुढं माझं लग्न झालं, मी शहरातच राहिले. ताई सणाला माझ्याकडं यायची, आईकडं उभ्या उभ्या जाऊन यायची. अशी वर्षं गेली. आईला पक्षाघात झाला तेव्हा ताई रिटायर झाली होती. मी म्हणायच्या आत ती सामान घेऊन छावणीत आली.

एका दुपारी मी भेटायला गेले होते. पाळकसाहेब येऊन गेले होते. ते आता नवे होते, तरुण. त्यांनी आईला म्हटलं होतं, तुम्ही तर मंडळीला क्षमेचा धडा घालून दिलात. ते गेल्यावर आईनं जड जिभेनं आम्हाला जवळ बोलावलं.

"मी कुठं क्षमा केली?" ती म्हणाली. "दवाखान्यात बेवारशी माणसं मरायची. मीच त्यांचं अंग पुसायची, मीच चादर घालायची. माझ्या पोरींचा बाप तसा नको मरायला, एवढंच मनात आलं. क्षमा करायचं राहूनच गेलं."

ताई बाजेच्या कडेवर बसली होती. ती म्हणाली, "मग तेव्हा मला सांगितलं का नाहीस? मला वाटलं, तू सगळं विसरलीस. माझ्या वाट्याचं पण तूच माफ करून टाकलंस."

"तू बाहेर थांबलीस."

"तू बाहेर आली असतीस तर?"

आईनं आठवून बघितलं. "चुलीवर भाकरी होती," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि मग रडू आलं. त्या दोघी मात्र तशाच बसून राहिल्या. पुढं त्यावर त्या कधी बोलल्या असतील तर माझ्यासमोर नाही. आई त्यानंतर बरेच महिने होती. ताई तिचं सगळं करायची, जसं आईनं वडिलांचं केलं होतं, तितकंच नेटकं आणि तितकंच मुकाट. ताईच्या मनात काय होतं, ते मला कधीच ओळखता आलं नाही. मी भेटायला गेले की ताईला जरा विश्रांती मिळावी म्हणून आईला भरवायची पेजेची वाटी मी हातात घ्यायची. आई ओठ मिटून घ्यायची. मग ताई उठून यायची, माझ्या हातातून चमचा घ्यायची आणि आई तोंड उघडायची.