करवतीचं झाकण

परवा भिंगारला सुताराच्या दुकानात गेले होते. सागाच्या ताज्या भुशाचा वास आला आणि माझे हात आपोआप पदराखाली गेले.

आमच्या कॉलेजात डिझाईनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तेव्हा नवा होता. मी तिथली हंगामी प्राध्यापक आणि याकोबमामा वर्कशॉप सांभाळणारे. मुलांना लाकूड कळायचं ते मामांमुळे, मार्क मात्र मी द्यायचे. तपासणीला समिती येणार म्हणून मी यंत्रांचे फोटो काढत होते. गोल करवतीच्या पात्यावरचं पिवळं झाकण फोटोत वाईट दिसत होतं, म्हणून मी ते काढायला लावलं.

"परत बसवू का, मॅडम?" मामांनी विचारलं.

"समिती जाऊ द्या आधी," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच करवतीत त्यांची दोन बोटं गेली.

दवाखान्यात त्यांच्या खाटेशेजारी मी अपघाताचा अहवाल लिहीत होते. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. पट्टीतला हात छातीशी धरून मामा म्हणाले, "लिवा, माझीच चूक हाय. तुमी अजून कायम न्हाई झाल्या." मग ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मी लिहिलं. त्यांनी डाव्या हातानं वाकडी सही केली.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते बघत राहिले होते, ते मी 'नाही' म्हणेन याची वाट पाहत, हे आता कळतं.

मी कायम झाले. करवतीचा तो फोटो अजून आमच्या माहितीपत्रकावर छापतात. फोटो सुंदर आला आहे.