कपाट नंबर चारमधला लावा

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबला लागून एक लांबट खोली होती. सगळे तिला म्युझियम म्हणायचे. आत सात काचेची कपाटं, बरण्यांमधले साप आणि बेडूक, आणि पेंढा भरलेले साठएक पक्षी. या खोलीची किल्ली दशरथ बांदिवडेकरांकडे असायची. हुद्दा लॅब अटेंडंट. आम्ही मुलं त्यांना मामा म्हणायचो.

मामा मूळचे मालवणकडचे. वडील लोअर परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घरच्यांनी वाकोल्यात एक खोली घेतली आणि मामा तेविसाव्या वर्षी कॉलेजात चिकटले. पुढची चौतीस वर्षं दर शनिवारी दुपारी ते कपाटं उघडत. मऊ ब्रशने पिसांवरची धूळ काढायची, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने चोच आणि पाय पुसायचे, डांबराच्या गोळ्या बदलायच्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. हे केलं नाही तर कसर लागते, एवढं त्यांना माहीत होतं.

कपाट नंबर चारमध्ये दोन लावे होते, तितरासारखे पण लहान पक्षी. एक छोटा, मुठीत मावेल असा. दुसरा त्याच्या दीडपट मोठा, काळपट तपकिरी, शेपूट जवळजवळ नसलेला. दोघांच्याही लेबलवर एकच नाव होतं, रान लावा. प्रॅक्टिकलच्या आधी मामा नेहमी मोठाच बाहेर काढायचे, कारण तो मागच्या बाकावरूनही दिसायचा.

"हा आमच्या बांदिवड्याचा," ते सांगायचे. "माझो काका गवतात फासो लावून पकडायचो. मुठीत धरला की काळीज धडधडताना कळायचं."

"मामा, हा मुठीत कसा बसेल?" दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

"तो मुंबईत इलो आणि अंगान सुटलो," मामा म्हणायचे. सगळी लॅब हसायची. मीही हसलोय.

त्यांना मात्र हा प्रश्न आमच्या आधीपासून पडलेला होता. मोठ्या लाव्याची चोच पुसताना कापसाचा धागा अडकायचा. दुसऱ्या कुठल्या पक्ष्याच्या चोचीत तो अडकत नसे. उंदराने कुरतडलं असेल, असं त्यांनी बरीच वर्षं धरून चाललं. मग एका शनिवारी चष्म्याचा नवा नंबर आला होता म्हणून त्यांनी पक्षी खिडकीशी नेऊन नीट पाहिला. खालच्या चोचीच्या कडेला दोन खाचा होत्या, करवतीच्या दातांसारख्या. दुसऱ्या बाजूला तशाच दोन, अगदी त्याच जागी. उंदीर असं मोजून कुरतडत नाही.

विभागप्रमुख जयंती मॅडमना त्यांनी हे सांगितलं होतं. मॅडम पेपर तपासत होत्या.

"पेंढा जास्त भरला असेल हो, म्हणून मोठा दिसतो."

"पेंढ्याने पोट फुगेल मॅडम. चोच कशी मोठी होईल?"

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "बघू या सुट्टीत." ती सुट्टी गेली. पुढच्याही सुट्ट्या गेल्या.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये ठरलं की म्युझियमच्या खोलीत कॉम्प्युटर लॅब करायची. दोन कपाटं ठेवायची, बाकीचं काढायचं. फाटकं काय, जादा काय, याची यादी मॅडमनी केली. यादीत एक ओळ होती: रान लावा, मोठा, रंग उडालेला, दुसरा उपलब्ध.

मामांनी ती ओळ वाचली आणि यादी घेऊन तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, ह्यो दुसरा नाय."

"म्हणजे?"

"दोन लावे नायत आपल्याकडे. लावा एकच आहे. हा वेगळो कोणतरी आहे."

"दशरथ, सोमवारी सुतार येतायत. मला शंभर कामं आहेत." मग त्यांचा चेहरा बघून मॅडम जरा थांबल्या. "कोण आहे मग हा?"

"ता माका नाय ठाऊक," मामा म्हणाले. मॅडमसमोर ते सहसा असं मालवणी बोलत नसत.

"सोमवारपर्यंत कुणाकडून तरी लिहून आणा. मी ओळ खोडते."

गंधाली माझ्याच वर्गातली. ती आता शहरातल्या एका संग्रहालयात पक्ष्यांचे जुने नमुने सांभाळते. हे काम हाताने कसं करायचं, ते तिला पहिल्यांदा मामांनीच दाखवलं होतं. मामांनी तिला चोचीचे तीन फोटो पाठवले. दोन हलले होते. तिसरा बघून तिचा लगेच फोन आला, "मामा, त्याला हात लावू देऊ नका कुणाला. मी उद्या येते."

उद्या म्हणजे रविवार. कॉलेज बंद होतं. मामा वाकोल्याहून किल्ली घेऊन आले, गंधाली मुलुंडहून आली. तिने भिंगाखाली चोच पाहिली, पाय पाहिले, पंखाची लांबी मोजली. मामा शेजारी हात मागे बांधून उभे होते.

"मामा, हा आपल्याकडचा नाहीच."

"कोकणातला नाय?"

"भारतातलाच नाही. दक्षिण अमेरिकेकडच्या पावसाळी जंगलातला आहे हा. तिथे लाव्यांचं वेगळंच घराणं आहे. खालच्या चोचीला असे दात असतात, त्यावरूनच शास्त्रात त्याचं नाव पडलंय. जंगलात जमिनीवरच राहतो, पाचसहा जणांची टोळी करून पाचोळा उकरत फिरतो. उडतो क्वचितच. त्यातली नेमकी जात कुठली, ते मला इथे सांगता येणार नाही. रंग उडालाय."

"आणि इथे कसो इलो?"

तेच कुणाला माहीत नव्हतं. दोघांनी मिळून विभागाची जुनी रजिस्टरं काढली. एका पानावर 'भेट, पक्षी तीन, पैकी रान लावा मोठा' एवढंच वाचता येत होतं. कुणाची भेट आणि कुठून, तो कोपरा कसरीने खाल्लेला होता. तीन पक्ष्यांपैकी बाकीचे दोन कुठले, तेही कळलं नाही. रजिस्टर परत ठेवताना मामा म्हणाले, "मी येण्याच्या आधीचा आहे. नायतर मी लिहून ठेवलं असतं."

गंधाली खूष होती. तिने मोबाइलवर त्या पक्ष्याचा आवाज लावला. मामांना वाटलं होतं की लाव्यासारखी काहीतरी बारीक शिट्टी असेल. निघाला तो मोठा, घुमणारा, घाईघाईचा आवाज. एक थांबायच्या आत दुसरा सुरू, दोघांचं मिळून एकच बोलणं. नर आणि मादी मिळून असं गातात, पहाटे आणि संध्याकाळी, असं तिने सांगितलं. मामांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग ते स्टुलावर बसले.

"चौतीस वर्षं मी पोरांना खोटं सांगितलं गं."

"तुम्ही कुठे खोटं सांगितलं? लेबल चुकीचं होतं."

"लेबल दुसऱ्याने लिवला. पण माका दिसत होता ना. एवढो मोठो लावो मी गावाक कधी बघितलो नव्हतो. तरी सांगत रवलंय. पोरं हसायची, बरं वाटायचं." मग ते थांबून म्हणाले, "गावाकडचं एक कायतरी इथे आहे, असंही वाटायचं."

गंधालीने पक्षी पातळ कागदात गुंडाळून खोक्यात ठेवला. जुनं लेबल काढायला मामांनी कात्री पुढे केली, तेव्हा तिने त्यांचा हात धरला. जुनं लेबल काढायचं नसतं, नवं त्याच्या शेजारी बांधायचं.

"चुकीचं कशाला ठेवायचं?"

"कुणाला कधी काय वाटलं होतं, तेही कळायला हवं ना, मामा."

सोमवारी गंधालीचं पत्र मिळालं आणि मॅडमनी यादीतली ओळ खोडली. त्या दुपारी त्या स्वतः म्युझियममध्ये आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या. "तेव्हाच बघायला हवं होतं मी," म्हणाल्या. मामांनी त्यांना खुर्ची दिली. आठवड्याभरात रीतसर परवानगी मिळून पक्षी शहरातल्या संग्रहालयात गेला. तिथे तो काचेआड नाही, ड्रॉवरमध्ये आहे. अभ्यासक मागतील तेव्हाच बाहेर निघेल.

पक्षी गेला त्या रात्री जेवताना मामांनी सुगंधामामींना मोबाइलवर गंधालीने पाठवलेला तो आवाज ऐकवला. मामी पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "हे भांडतत काय गातत?"

"गातत म्हणे."

"मगे बरा आसा."

आमच्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दोनशे सत्तर जण. मामा त्यात आहेत, पण सणाच्या शुभेच्छांपलीकडे कधी काही टाकत नाहीत. मे महिन्यात एका सकाळी त्यांचा दीड मिनिटाचा ऑडिओ आला. मी जोगेश्वरीला रिक्षात बसून तो ऐकला.

"मी दशरथ मामा बोलतोय. कपाट नंबर चारमधला जो पक्षी मी तुम्हाला लावा म्हणून दाखवला, तो लावा नव्हता. तो परदेशातला आहे. तो आमच्या गावचा आहे असं मी सांगायचो, ते बरोबर नव्हतं. मला शंका होती, तरी सांगत होतो. कुणी आपल्या मुलांना सांगितलं असेल तर दुरुस्त करा." मागे कुकरची शिट्टी झाली आणि ऑडिओ संपला.

मग उत्तरं येऊ लागली. पुष्कळांनी हात जोडले. कुणी लिहिलं, "मामा, कुठला पक्षी? मला फक्त बरणीतला नाग आठवतो." घाटकोपरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या नीलमने लिहिलं की तिच्या जर्नलमध्ये त्या पक्ष्याचं चित्र अजून आहे, चोच तिने बिनदातांची काढली होती आणि तरी दहापैकी आठ मिळाले होते. एकाने थोडं टोचून विचारलं, "मग आणखी काय काय चुकीचं शिकवलंत?"

मामांनी सगळ्यांना उत्तरं दिली, एका बोटाने, दोन दिवस. त्या शेवटच्याला त्यांनी लिहिलं: माहीत नाही. उरलेली दोन कपाटं बघतो आहे.

आणि ते खरोखरच बघत होते. जूनमध्ये मी दाखल्यासाठी कॉलेजात गेलो, तेव्हा खोलीत तीस कॉम्प्युटर लागले होते आणि भिंतीशी दोन कपाटं उरली होती. मामा खिडकीशी एक खंड्या हातात घेऊन उभे होते. एका वहीत काहीतरी लिहीत होते. मला बघून म्हणाले, "ये, जरा लेबलवरचं हे नाव वाच बघू. माझ्या चष्म्यातून पुसट दिसतंय."