भावाच्या नावाची विहीर

माझा मोठा भाऊ ऐन विशीत गेला, मूत्रपिंडाच्या आजाराने. शेवटी शेवटी डॉक्टरांनी त्याला पाणी अगदी बेताने द्यायला सांगितलं होतं, आणि तो तर सारखं पाणीच मागायचा. अम्मा ओल्या फडक्याने त्याचे ओठ पुसायची आणि पडवीत येऊन रडायची. तो गेल्यावर तिने अब्बांकडे एकच गोष्ट मागितली. त्याच्या नावाने एक विहीर.

आमच्यात असं मानतात की माणूस गेला की त्याचे हात थांबतात, पण त्याच्या नावाने केलेलं काही लोकांच्या उपयोगी पडत राहिलं, तर त्याचं पुण्य, म्हणजे सवाब, त्याला कबरीत पोचत राहतं. त्यातही तहानलेल्याला पाणी पाजणं फार मोठं. अम्माने ते शब्दशः धरलं. इथे कोणी घोटभर प्यालं की तिथे लेकाला पोचलं. अब्बांनी विहीर मुद्दाम कुंपणाबाहेर, देवबागच्या रस्त्याला लागून पाडली. पाण्यासाठी आमच्या अंगणात शिरायचा कोणाला संकोच वाटू नये म्हणून.

आणि लोक आले. मासेवाल्या बायका, शाळेतली पोरं, पालखीबरोबर उन्हातून चालत आलेली मंडळी. कोणी जात विचारली नाही, कोणी धर्म विचारला नाही. "तुमच्या बावीचा पाणी म्हणजे अमृत गो," असं शेजारीण म्हणाली की अम्माचा चेहरा दिवसभर उजळलेला असायचा. एकदा एसटीच्या ड्रायव्हरने इंजिनात ओतायला बादलीभर पाणी नेलं, तर ते सवाबात धरतात की नाही, हा प्रश्न तिला पडला. मी म्हटलं, गाडीत माणसंच बसतात ना, धर. तिला ते पटलं.

अब्बा गेल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात विहिरीने तळ गाठला. बायका अर्ध्या कळशा घेऊन परत जायला लागल्या. अम्माला ते बघवेना. "लोक रिकाम्या हातान जातत, ह्या बरा नाय. बाव खोल करूया," ती म्हणाली. वाडीतल्या जाणत्यांनीही माना डोलावल्या. आमच्या वाळूच्या पट्टीत गोड पाणी वरच्या वर असतं आणि त्याच्याखाली खाडीचं खारं पाणी टपून बसलेलं असतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण समोर कोरडी कळशी असली की शहाणपण कोणाला आठवतं?

खोदल्यावर पाणी धो धो वर आलं. अम्माने वाडीभर शिरा वाटला. आठवड्याभरात आमचा चहा नासला. दूध खराब असेल म्हणून दूध बदललं, तोही नासला. मग डाळ शिजेना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

आम्ही गाळ काढला, चुना टाकला, खालची खोदाई वाळूने परत बुजवली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. खारेपणा काही हटला नाही. बायका यायच्या बंद झाल्या, त्याही तिचं मन राखून. "आता दारात नळ इलो ना गो," शेजारीण म्हणायची. अम्मा मात्र ठाम होती. "पाणी बरा आसा. तुमचीच जीभ बिघडली."

मला तिचा राग यायचा. अजून येतो. लोकांची सोय बघायला गेली आणि पोटच्या पोराचं पाणी घालवून बसली. मी हे तिच्या तोंडावर बोललेही आहे. ती ऐकून घ्यायची आणि रहाटाचा दोर बदलायला सांगायची.

मग तिने विहिरीच्या कट्ट्यावर माठ ठेवला, नळाच्या पाण्याचा. स्वतः शेजारी बसायची. देवबागला बोटिंगला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या त्या फोटो काढायला. "पाणी पियात, थंड आसा," ती सांगायची. "नको आजी, आमच्याकडे बाटली आहे," असं म्हणून पोरी हसऱ्या तोंडाने निघून जायच्या. एकीने माठातल्या पाण्याने पायाची वाळू धुतली. मी भांडायला धावले, तर अम्माने माझा हात धरला.

मी मौलवींना घरी बोलावलं. ते भले गृहस्थ. म्हणाले, देणाऱ्याचं मन अल्ला बघतो, तुमचं केव्हाच पोचलं, आता जिवाला त्रास करून घेऊ नका. अम्माने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर मला म्हणाली, "नुसता मनात आसान कोणाची तान भागता काय?"

गेल्या मे महिन्यात एका पर्यटकाचं लहान पोर कट्ट्यावर चढून आत वाकलं. अम्माने ओरडून त्याचा सदरा धरला. आईबाप मोबाइलमध्ये होते. त्यांनी आम्हालाच चार शब्द सुनावले, विहीर उघडी कशी ठेवता म्हणून. मी चांगलीच तडकले, पण अम्मा त्यांची माफी मागत राहिली. मग घरात येऊन बसली आणि म्हणाली, "बाव बंद कर. कोणाचा तरी पोर पडात."

मला वाटलं, रागात बोलते आहे, उद्या विसरेल. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः गवंड्याला निरोप धाडला. वाटेतला धोका दूर करणं हीसुद्धा सेवाच आहे, असं मी तिला सांगून पाहिलं. तिने मान हलवली, माझं मन राखायला.

गवंड्याने विहिरीवर सिमेंटची लादी बसवली. अम्मा खुर्ची टाकून शेवटपर्यंत समोर बसली होती. तो हात धुऊन गेला, तेव्हा तिने मला जवळ बोलावलं.

"तेका पोचत होता, ता आज बंद झाला," ती म्हणाली. "माझ्याच हातान."

मी तिला उठवलं आणि घरात नेलं.