शकूताईची सात वाजताची वंदना

शकूताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्यात टेंभी नाक्यावर भावजींच्या गोळ्या घेत होते. रडू नंतर आलं, आधी राग आला. आदल्याच दिवशी माझ्या या मोठ्या बहिणीने दवाखान्यात माझा हात धरून बजावलं होतं, "नंदे, सात वाजता ह्यांच्याजवळ बसत जा. वंदना चुकवू नकोस." नाकात ऑक्सिजनची नळी, आणि हिला चिंता कसली तर वंदनेची...

कोपरच्या तिच्या घरात सातला मेणबत्ती लागायची आणि बुद्धवंदना सुरू व्हायची. पाहुणे आलेले असोत नाहीतर कुकर गॅसवर असो. ताई एक ओळ म्हणायची, भावजी तीच तिच्यामागून म्हणायचे. मला यातलं काहीच जमलं नाही. एकदा वैतागून विचारलं, "तुम्ही काही मागत नाही, मग रोज बसता कशाला?"

"मागायला नाही गं. बसलं की उद्या उठायला बळ येतं."



चार वर्षांपूर्वी भावजींना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. आता तरी ही थांबेल असं मला वाटलं. पण ही एक ओळ म्हणायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. आधी नुसता घोगरा आवाज, मग अर्धा शब्द... दहा मिनिटांची वंदना पाऊण तासावर गेली. मी ताटं वाढून बसलेली, भाजी गार, डोकं गरम. दिवसभर त्यांचं सगळं अंथरुणातच करून ताईचा चेहरा ओढलेला असायचा आणि वंदनेवरून उठताना तो निवळलेला असायचा. मला ते दिसत होतं. मी कबूल केलं नाही, एवढंच. वर्षभरात भावजी अडखळत का होईना, ओळी म्हणायला लागले.

ताई गेली आणि ते पुन्हा गप्प झाले. पाणीसुद्धा मागेनात. मी पुस्तकात बघून वंदना म्हटली, तर भिंतीकडे तोंड करून पडले. असेच राहिले तर हेही जातील, अशी धास्ती मला बसली.

तिसऱ्या आठवड्यात ताईच्या मोबाईलमध्ये एक रेकॉर्डिंग सापडलं. दवाखान्यात जायच्या आधी करून ठेवलेलं. सातला लावलं.

"नंदे, बसलीस का? आधी गॅस बंद कर."

गेल्यावरही हुकूम आहेच. मी निमूटपणे उठून गॅस बंद केला. परत आले तोवर ताईने पहिली ओळ म्हटली आणि ती थांबली. भावजी गप्प. ती शांतता मला सहन होईना, म्हणून मीच चुकतमाकत ती ओळ म्हटली. भावजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

ताईने दुसरी ओळ म्हटली. पुन्हा शांतता. त्यांचे ओठ हलले, घशातून आवाज आला, एकेक शब्द ओढत त्यांनी ओळ पुरी केली... आणि लगेच मोबाईलमधून तिसरी ओळ आली. त्यांना लागतो तेवढाच वेळ ताई थांबली होती.

भावजींना सांभाळायला आणि स्वयंपाकाला आता बाई ठेवली आहे, तरी मी रोज ठाण्याहून कोपरला जाते. कुरकुरत जाते. पोचले की आधी गॅस बंद करते.