मारियेच्या वेदीवरचा सिंहाचा पंजा

ओतिलिया काम्पियाई चिडकी आहे, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. रविवारच्या फेरीला येणाऱ्या बायका तर म्हणत, फुलं बघायची तर ओतिलियाच्या शिव्या खाल्ल्याच पाहिजेत.

"पाय बघ कुठे टाकतेयस! खाली उसासा आहे, दिसत नाही?" ती ओरडे. उसासा म्हणजे वाळूला चिकटून फुलणारं फिकट जांभळं फूल. ओरडा खाल्लेली बाई टुणकन बाजूला होई, आणि दुसऱ्याच कुठल्या तरी रोपावर उभी राही.

आमच्या या वाळवंटात पाऊस मनाला येईल तेव्हा येतो. त्या वर्षी हिवाळ्यात चांगला बरसला आणि वसंतात टेकड्या फुलांनी पेटल्या. पाव, बकरीचं चीज आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन बायका निघत. घाई कुणालाच नसे. एका फुलापाशी बसलं की गप्पांना ऊत येई. ओतिलियाचा नियम एकच: खुडायचं नाही. देठ मोडणारीचा हात ती खरंच झटकून टाकी.

तिचा जीव मात्र एकाच झाडात अडकला होता. समुद्राकडच्या घळीत, दोन खडकांच्या मधे, सिंहाचा पंजा फुलला होता. मुठीएवढा लालभडक गेंद. तिच्या वडिलांच्या वेळी ती घळ या फुलांनी लाल होई म्हणतात. आता हा एकटाच उरला होता. याचं बी धरलं, पिकून वाळूत पडलं, तर पुढच्या पावसाला काही उगवायची आशा. नाही तर घळ संपली.

नोव्हेंबरात, आमच्याकडचा वसंत सरत आला असताना, एका रविवारी बायका घळीत पोचल्या, तर खडकांच्या मधे नुसता खड्डा.

ओतिलियाच्या तोंडून जे फुटलं ते लिहिण्याजोगं नाही. ती तशीच रस्त्यावर आली आणि राजधानीकडच्या कुणाची तरी गाडी येत होती, तिच्या पुढ्यात आडवी उभी राहिली.

"पिशव्या उघडा! सगळ्या!"

आतल्या बिचाऱ्या बाईने घाबरून पिशव्या उघडल्या. केळी, लंगोट, पोराचा स्वेटर. बाकी काही नाही.

"चाकं तरी रस्त्यावर ठेवत जा, फुलांवर नको!" ओतिलिया खेकसली. माफी मागायचं तिला सुचलंच नाही.

संध्याकाळी मारियेच्या महिन्याची प्रार्थना होती. हा महिनाभर बायका रोज देवमातेची वेदी ताज्या फुलांनी सजवतात. ओतिलिया धुसफुसतच चर्चमध्ये आली आणि दारातच थबकली. मारियेच्या पायाशी, दुधाच्या पावडरच्या डब्यात, सिंहाचा पंजा होता. मुळासकट, मातीसकट. मान टाकलेला.

"कुणी आणलं हे?"

प्रार्थना थांबली. उबेर्लिंदा तोर्रेहोन अभिमानाने पुढे झाली. ही ओतिलियाच्या थोरल्या मुलाची बाप्तिस्म्यातली धर्ममाता. त्या नात्याने दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत.

"मी आणलं, कोमाद्रे. सगळ्यात सुंदर फूल आईला नको द्यायला?"

"अगं, पण कितीदा सांगितलं, खुडू नका म्हणून!"

"कुठं खुडलं?" उबेर्लिंदा दुखावली. "एक देठ मोडला नाही हो मी! फावडं नेलं, हळूच मुळं काढली. बघ की नीट!"

मागे कुणी तरी हसलं. ओतिलियाने वळून पाहिलं, तशी हसणारी जपमाळेत तोंड घालून बसली.

"खुडलं असतंस तर बरं झालं असतं! मुळं तरी जमिनीत राहिली असती!" असं म्हणून ओतिलियाने डबा उचलला.

"आईच्या समोरून नेतेस? पाप लागेल!"

"लागू दे. तिला म्हणावं, ये माझ्याशी भांडायला."

अंधार पडायच्या आत तिने झाड पुन्हा खडकांच्या मधे लावलं. उबेर्लिंदा फावडं घेऊन मागोमाग आली होती. ओतिलियाने ते तिच्या हातून हिसकावून घेतलं आणि माती स्वतः ओढली. त्यानंतर रोज ती खांद्यावर पाण्याची कॅन घेऊन घळीत जाई. वाटेत उबेर्लिंदाचं दार लागे. "कोमाद्रे, कसं आहे गं?" अशी हाक येई. ओतिलिया मानही वळवत नसे.

पानं पिवळी पडली. लाल गेंद तपकिरी झाला. मारियेचा महिना संपायच्या सुमाराला तिने तो बोटांनी उलगडून पाहिला. सगळी बोंडं पोकळ होती. बी एकातही नव्हतं.

शेवटच्या प्रार्थनेला चर्च भरलं होतं. ओतिलिया सरळ उबेर्लिंदापाशी गेली आणि तो वाळका गेंद तिच्या ओंजळीत ठेवला.

"घे. आता वाहा."

उबेर्लिंदा वेदीकडे बघत राहिली. पुढे मात्र ती गेली नाही. ओतिलिया तिच्यासाठी थांबली नाही.