दातवाल्या मावशी

दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मावशींनी उभा जन्म काढला. एखादं पोर आकांत करत आत आलं, की त्या स्वतःच खुर्चीत बसायच्या, पोराच्या हातात छोटा आरसा द्यायच्या आणि आ वासून म्हणायच्या, "मोज बघू माझे." मागची किडकी दाढ सापडली, की पोर खुदकन हसायचं आणि आपणहून खुर्चीत चढायचं. "दुखणारच नाही" अशी थाप त्यांनी कधी मारली नाही. "थोडं दुखेल, पण मी इथेच आहे," एवढंच सांगायच्या.

गल्लीतल्या आयांनी मात्र त्यांचाच बागुलबुवा केला. "दात घास, नाहीतर दातवाल्या मावशींना बोलावते!" मावशी दिसल्या, की पोरं आईच्या पाठीमागे दडायची.

"भीती मी घालवायची आणि या भवान्यांनी माझ्याच नावाने घालायची!" मावशी चरफडायच्या.

एकदा सुट्टी काढून मावशी आपल्या मुलाकडे गेल्या. दाराशीच सुनेचा आवाज कानावर पडला, "जेवतोस की आजीला बोलावू? सगळे दात उपटून टाकेल!"

मावशींनी दार ढकललं आणि हात पसरले. नातवाने तोंडातला घास न चावताच गिळला आणि दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकून घेतलं.